जिभेची साक्ष

दुपारचे चार वाजले की कोपरखैरण्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात शेगडीवर चहाची दोन पातेली चढत. थोरल्या पातेल्यात साखरेचा चहा होई, तो घरातल्या इतरांचा. धाकट्यात गुळाचा, तो एकट्या राजाबाईंचा. गुळाच्या चहात दूध केव्हा घालावे हे ज्याला कळत नाही, त्याचा चहा हमखास नासतो. राजाबाई पातेले खाली उतरवीत, उकळी निवू देत, आणि मग वेगळे तापवलेले दूध बारीक धारेने सोडीत. हात स्थिर असे, नजर धारेवर असे. समोरच्या खुर्चीवर बसून बाबासो ते पाहत असत. निवृत्त झाल्यापासून दिवसातली ही घटका त्यांना देवपूजेसारखी वाटे.

राजाबाईंनी साखर सोडली त्याला सदतीस वर्षे झाली होती.

ज्या मुलीने ती सोडली, तिला साखरेचे वेड होते, हे आता बाबासोंखेरीज कोणाच्या स्मरणात उरले नव्हते. खटाव तालुक्यातल्या त्या कोरड्या गावात साखर रेशनवर, मोजून मिळे. नवी सून म्हणून घरात आलेल्या राजाबाई डबा उघडताना चिमूटभर साखर तळहाताच्या घडीत दडवीत आणि दळताना, पाणी भरताना एकेक कण जिभेवर ठेवीत. सासू गोजराबाईंनी एकदा त्यांना पकडले, आणि रागावण्याऐवजी डोळे पुसत हसून म्हणाल्या, "आगं, मुंगी हायेस का सून हायेस?" मुंबईहून येताना बाबासो बत्ताशांची पुडी आणीत. ती पुडी घेताना बायकोचा चेहरा जसा उजळे, तसा तो पुढे सोन्याच्या मण्यांनीही उजळलेला त्यांनी पाहिला नाही.

मुलगा रणजीत अडीच वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला. बाबासो तेव्हा मशीदबंदरच्या गुळाच्या पेढीवर पाठीवरून ढेपा वाहत होते. तार मिळून साताऱ्याच्या इस्पितळात पोचेपर्यंत पोराचा श्वास मोकळा झाला होता. जी वेळ बापाने शेजारी उभे राहण्याची होती, ती आईने एकटीने काढली होती. व्हरांड्यातल्या बाकावर राजाबाई बसल्या होत्या. कोणीतरी चहाचा पेला पुढे केला, तो त्यांनी हलकेच बाजूला सारला.

"साखर हाय त्यात," त्या म्हणाल्या.

"मग?"

"औंधाच्या यमाईला दिली मी माझी साखर. आई, माझ्या जिभंवरचं सगळ्यात गोड घे आनि पोराचा गळा मोकळा कर, आसं म्हनले. तिनं केला."

बाबासो त्या बाकाजवळ उभे होते. ज्या घटकेला आपण नव्हतो, ती घटका आता कोणत्याही मार्गाने परत मिळवता येणार नाही, हे त्यांना कळत होते. काहीतरी आपल्या वाट्याचे उचलावे, या ओढीने ते म्हणाले, "गूळ तर चालंल न्हवं? गूळ मी बगतो. तुझ्या तोंडात साखरंचा कन जानार न्हाई, ही माझी जबाबदारी."

ती जबाबदारी त्यांनी पुढे एखाद्या पुजाऱ्याने नंदादीप सांभाळावा तशी सांभाळली. बाजार मशीदबंदरच्या चिंचोळ्या गल्ल्यांतून खाडी ओलांडून वाशीला आला, त्याबरोबर तेही आले. पाठीवरची ढेप उतरली आणि मालकांनी त्यांना माल पारखण्याचे काम दिले. कारण त्यांची जीभ चुकत नाही, हे तोवर सगळ्या बाजाराला ठाऊक झाले होते. ढेपेचा एक टवका काढायचा, उजेडात धरायचा, नखाने दाबायचा आणि जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. चांगल्या गुळाची गोडी सावकाश येते. आधी उसाच्या रसाचा वास येतो, मग गोडी पसरते आणि शेवटी जिभेच्या मुळाशी किंचित खारट अशी एक आठवण रेंगाळते. गुळात साखर मिसळली असेल तर गोडी धावत येते आणि धावतच निघून जाते. असा माल बाबासो एक शब्दही न बोलता बाजूला सरकवीत, आणि विकणारा वादही घालीत नसे.

घरीही तोच रिवाज पडला. राजाबाईंसमोर आलेला प्रत्येक गोड पदार्थ आधी बाबासोंच्या हातात जाई. सत्यनारायणाच्या शिऱ्याचा द्रोण राजाबाई कपाळाला लावून नवऱ्याकडे देत आणि ते दोघांचा प्रसाद एकटेच खात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका चिडवीत, "राजाबाई, तुमचं गोड बोलनंसुद्धा नवऱ्यानं चाखलेलं आसतंय व्हय?" यावर त्या पदर तोंडाला लावून हसत. गुळाची पोळी असो, लाडू असो, बाबासोंनी घास चाखून "खा" म्हटल्यावाचून त्यांनी कधी तोंडात घातला नाही. त्या एका अक्षरात दोघांचा सगळा संसार सामावला होता.

रणजीत मोठा झाला, नोकरीला लागला, आणि आठ वर्षांपूर्वी त्याने नेरूळच्या प्राचीशी लग्न केले. मुलगी शिकलेली, बेलापूरला नोकरी करणारी, मूळची चिपळूणकडची. सासूसुनेत कधी भांडण झाले नाही. भांडायला लागते तेवढी जवळीकच नव्हती. प्राची सकाळी डबा घेऊन जाई, संध्याकाळी थकून येई. "आई, जेवलात का?" "जेवले." एवढ्यावर दिवस मिटे. राजाबाईंना सुनेची भाषा फार शुद्ध वाटे, आणि प्राचीला सासूच्या मौनाची भीती वाटे. बाबासो मध्ये बसून वर्तमानपत्राची पाने उगाच उलटीत राहत.

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी प्राची दारातूनच बोलत आली.

"आई, हे बघा काय मिळालं! नाचणीची बिस्किटं, गुळाची. तुम्हाला चालतील अशी. यात साखर नाही, वरच लिहिलंय."

पुडक्यावर नऊवारी नेसलेल्या, जात्यावर बसलेल्या एका आजीचे चित्र होते. खाली ठसठशीत अक्षरे होती: साखर नाही. गुळाचा सात्त्विक गोडवा. आरोग्याचा ठेवा.

"माझ्यासाठनं आनलीस?" राजाबाईंनी विचारले. त्यांच्या आवाजातले नवल बाबासोंनी टिपले.

"म्हणजे काय! ऑफिसातल्या एकीने सांगितलं. दोन दुकानं फिरले."

राजाबाईंनी पुडके उघडले आणि नित्याप्रमाणे पहिले बिस्कीट नवऱ्यापुढे धरले. बाबासोंनी ते जिभेवर ठेवले. डोळे मिटले.

गोडी धावत आली आणि धावत निघून गेली.

त्यांनी डोळे उघडले. समोर सून उभी होती. खांद्यावरची पिशवीसुद्धा तिने अजून उतरवली नव्हती. केसांना प्रवासाची धूळ होती आणि डोळ्यांत परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्या मुलीची उत्सुकता. तिच्या शेजारी राजाबाई, आठ वर्षांत प्रथमच सुनेच्या इतक्या जवळ. छापलेली अक्षरे काय खोटी असतील, आपलेच वय झाले, जीभ म्हातारी झाली, अशी स्वतःची समजूत बाबासोंनी एका क्षणात घातली. मात्र समजूत घालणारा आणि ती ऐकणारा एकच होता, आणि दोघांपैकी कोणाचाच तिच्यावर विश्वास नव्हता.

"गूळच हाय," ते म्हणाले. "खा."

त्यानंतरचे पाच महिने त्या घरातले फार गोड महिने होते. चारच्या चहाबरोबर राजाबाई दोन बिस्किटे खात, आणि संध्याकाळी प्राची आली की तिच्याबरोबर आणखी दोन. त्या निमित्ताने दोघी स्वयंपाकघरात बसू लागल्या. प्राची कार्यालयातल्या साहेबाच्या नकला करी, राजाबाईंनी तिला ज्वारीची भाकरी थापायला शिकवली आणि पहिल्या भाकरीचा आकार पाहून "हा तर कोकनाचा नकाशा झाला!" म्हणून तिला पोट धरून हसवले. पुडके संपत आले की दुसरे येई. बाबासो बाहेरच्या खोलीत बसून ते हसणे ऐकत. त्यांना बरे वाटे, आणि ते बरे वाटणेच त्यांना रुते. पहिल्या दिवसानंतर त्यांनी ते बिस्कीट पुन्हा जिभेला लावले नाही. "मला दाताला कडक लागतंय," असे ते सांगत.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सोसायटीत आरोग्य तपासणीचे शिबिर झाले. गंमत म्हणून राजाबाईंनीही रक्त दिले. चार दिवसांनी अहवाल घेताना तरुण डॉक्टरीण कागदावरून नजर न उचलता म्हणाली, "आजी, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर बरीच वाढलेली आहे. मागच्या वर्षीच्या अहवालात ती ठीक होती. गोड फार खाता का?"

राजाबाई खळखळून हसल्या. "माझ्या रगतात साखर? आवं, तिला आत शिरायला वाट कुठनं घावली? सदतीस वर्सं झाली, दार लावलंय म्या!"

"गूळ खाता ना? शरीराला गूळही साखरच, आजी. तोही कमी करायचा. पण तो तर तुम्ही पूर्वीपासून खाताय. अलीकडे काही नवीन? पाकिटातलं काही?"

"बिस्किटं हायत, पर ती बिनसाखरंची. ह्यांनी सोता चाखल्याली."

बाबासो शेजारीच उभे होते. डॉक्टरीण त्यांच्याकडे पाहून हसली. त्यांना हसता आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रिकामे पुडके सदऱ्याच्या खिशात घालून ते वाशीच्या बाजारात गेले. पेढी तीच होती. गुळाचा वास दारापासूनच अंगावर आला आणि क्षणभर त्यांच्या पाठीला जुना भार आठवला. थोरले मालक आता नव्हते. त्यांच्या जागी त्यांचा मुलगा कुंदन बसला होता, ज्याला बाबासोंनी ढेपांच्या थप्पीवर खेळताना पाहिले होते.

"या काका, या! अरे, काकांना चहा सांगा. बाजार सुना पडला तुमच्याशिवाय."

"चहा ऱ्हाऊ दे. एवढं वाच," बाबासोंनी पुडके पुढे केले. "म्होरचं नको. मागचं."

मागची अक्षरे इंग्रजी होती आणि मोहरीच्या दाण्याहून बारीक होती. कुंदनने मोबाइलने त्याचा फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि तो वाचू लागला. "मैदा. मग नाचणी, ती अकरा टक्के. इन्व्हर्ट सिरप. ग्लुकोज सिरप. माल्टोडेक्स्ट्रिन. तेल. गूळ... गूळ दोन टक्के."

"ते सिरप म्हंजी काय?"

"साखरच, काका. पाण्यात उकळून, आंबट घालून पातळ केलेली. दुसरंही तिचंच भावंड, मक्याचं. नाव बदललं की यादीत साखर दिसत नाही."

"आनि म्होरं येवढं मोठं छापलंय ते?"

कुंदनने पुडके उलटवले, 'साखर नाही' या अक्षरांच्या डोक्यावर नख ठेवले. तिथे चित्रातल्या आजीच्या पदराच्या काठात लपलेला एक इवलासा शब्द होता. "हे बघा, 'दाणेदार'. दाणेदार साखर नाही. दाणे नाहीतच, मग पकडणार कोण? ह्यांचा माणूस आपल्याकडूनच गूळ नेतो. एवढासा नेतो की मला वाटायचं, पूजेला नेतो की काय!" तो स्वतःच्या विनोदावर हसला, आणि मग सहज, मनात काही नसताना म्हणाला, "पण काका, तुमच्या जिभेला कसं नाही कळलं? पप्पा म्हणायचे, बाबासोंच्या जिभेला कोर्टातसुद्धा साक्षीला न्यावं."

बाबासोंनी पुडके परत खिशात घातले. "वय झालं," ते म्हणाले, आणि आपण ज्या पेढीवर कधी खोटे बोललो नाही तिथेही आज बोललो, हे पायऱ्या उतरताना त्यांच्या लक्षात आले.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ते विचार करीत राहिले. मार्ग सोपा होता. डॉक्टरने बिस्किटे बंद सांगितली आहेत, एवढे म्हटले की पुरे. राजाबाईंचे व्रत त्यांच्या लेखी अभंग राहील. प्राचीला अपराधी वाटणार नाही. दोघी चहाला पूर्वीसारख्याच बसतील. आणि आपला एक शब्द आपल्या पोटात, आपल्याबरोबरच जाईल. बोनकोड्याच्या थांब्यावर उतरेपर्यंत त्यांनी तसे ठरवूनही टाकले होते.

घरी राजाबाई अहवालाचा कागद हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले.

"आवं, उद्या मला त्या डॉक्टरनीकडं न्या. मशिन चुकलंय तिचं. पोरगी माझ्याकडं आशी बगत व्हती, जनू मी चोरून खातीया. मी तिला रनजितच्या डोक्यावर हात ठिवून सांगनार हाय, सदतीस वर्सांत साखर तोंडात गेली न्हाई म्हनून. रनजितलाबी संगं ये म्हटलंय."

बाबासो चटईवर बसले. ज्या डोक्यासाठी साखर सोडली, त्याच डोक्यावर हात ठेवून ही उद्या शपथ घेणार, आणि ती शपथ खोटी असणार. बसमध्ये रचलेला सगळा सोपा मार्ग एका वाक्यात मोडून पडला.

"राजा," ते म्हणाले. फार वर्षांनी त्यांनी तिला या नावाने हाक मारली होती. "शपत घिऊ नगंस."

"कशापायी?"

त्यांनी खिशातले पुडके काढून चटईवर ठेवले. कुंदनने वाचलेले सगळे त्यांनी एकेक करून सांगितले. सिरपाचे, भावंडाचे, पदराच्या काठातल्या शब्दाचे. राजाबाई ऐकत होत्या. त्यांचा हात नकळत गळ्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"पाच म्हैनं?" त्यांनी विचारले.

"पाच म्हैनं."

"रोज?"

बाबासोंनी मान डोलावली.

राजाबाईंनी पुडके उचलून चित्रातल्या आजीकडे पाहिले. मग राजाबाईंनी एकच प्रश्न विचारला, अगदी हळू. "तुमास्नी पैल्या दिवशी कळलं न्हवतं?"

इथेही एक वाट मोकळी होती. वय झाले, असे कुंदनला म्हटले तसे म्हणता आले असते, आणि राजाबाईंनी ते मानलेही असते. बाबासोंनी त्या वाटेकडे एकदा पाहिले.

"कळलं व्हतं," ते म्हणाले. "जिभंवर ठिवल्याबरुबर."

"मग खा कसं म्हनलासा?"

"पोरीचं तोंड बगून. आठ वर्सांत पैल्यांदा तुमी दोगी..." त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवले.

राजाबाईंनी पदराने डोळे पुसले. पण बोलल्या तेव्हा आवाजात पाणी नव्हते. "म्याबी तिचंच तोंड बगून खात व्हते की हो! मला कुठं आवडत व्हती ती? भुशाचं बिस्कीट. घशाला चिकटायची. पर पोरीनं दोन दुकानं फिरून आनली म्हनून गिळत व्हते."

हसावे की रडावे हे दोघांनाही कळेना, म्हणून दोघांनी थोडे थोडे दोन्ही केले. मग राजाबाई गंभीर झाल्या.

"मला ठावं नसताना तोंडात गेलं, ते मी आईला सांगीन. ती समजून घील. पर तुमाला ठावं व्हतं. ते माझ्यानं सांगवायचं न्हाई. ते तुमचं तुमीच सांगा."

"कुनाला?"

"कुनाला म्हंजी? साखर कुनाला दिली व्हती? ऐतवारी औंधाला जायाचं."

दारात किल्ली फिरल्याचा आवाज झाला. प्राची आत आली, पिशवीतून नवे पुडके काढता काढता दोघांचे चेहरे पाहून थांबली. "काय झालं? आई? अण्णा?"

बाबासोंनी तोंड उघडले, पण राजाबाईंनी हाताने त्यांना थोपवले. "हिकडं ये. बस. त्याच्या मागचं वाच मला. सावकाश, सगळं वाच."

प्राची वाचू लागली. आरंभी तिचा आवाज नित्याचा होता. तिसऱ्या शब्दापाशी तो अडखळला, पाचव्यापाशी थांबला. तिने पुडके समोरून पाहिले, मागून पाहिले. "म्हणजे हे सगळं... आई, मी पुढचंच वाचलं. मागे बघायला हवं होतं. मी... तुमची इतक्या वर्षांची..." तिचे ओठ रडवेल्या लहान मुलासारखे मुडपले.

"तू लिवलंस का ते?"

"नाही, पण—"

"मग रडतीस कशाला? ज्यानं लिवलं त्यो काय रडतोय का?"

"त्यांना मी सोडणार नाही," प्राची डोळे पुसत म्हणाली. "तक्रार करणार. ह्या आजीच्या चित्रासकट पाठवणार."

"कर. पर आता हात धुऊन घे, पीठ मळलंय. आनि ऐतवारची सुट्टी काढ."

"रविवारी सुट्टीच असते, आई."

"मग बरंच झालं. औंधाला जायाचंय. मी माझं सांगनार, ह्यांनी ह्यांचं सांगायचंय."

"आणि मी काय सांगू?"

राजाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिले. "तू गाडीत माझ्या शेजारी बस. वाट लांब हाय. तुझ्या सायबाची नक्कल राहिलीया."

दोघी आत गेल्या. परातीत पीठ आदळल्याचा, नंतर बोलण्याचा, आणि थोड्या वेळाने अजून ओल्या असलेल्या हसण्याचा आवाज येऊ लागला. बाबासो बाहेरच्या खोलीत एकटेच उरले. खिडकीबाहेर सोसायटीच्या फाटकाशी भाजीवाल्याची हातगाडी उभी होती, पोरे सायकलींवरून गरागरा फिरत होती.

जन्मभर त्यांनी जिभेने निवाडे दिले होते आणि शब्द फार थोडे वापरले होते. "खा" किंवा "नको", एवढ्यावर त्यांचे भागले होते. आता रविवारी डोंगर चढून, हात जोडून, ज्या देवीने मुलाचा गळा मोकळा केला तिच्यापुढे उभे राहायचे होते, आणि तिथे एका अक्षरावर भागणार नव्हते. व्हरांड्यातल्या त्या बाकापासून सांगावे लागणार होते. आपण उशिरा पोचलो तिथपासून. मग सुनेच्या पिशवीचे, धुळीचे, डोळ्यांतल्या उत्सुकतेचे. ते ओठ हलवून मनातल्या मनात शब्द जुळवू लागले. पुष्कळ मोडले, पुष्कळ पुन्हा मांडले. शेवटी आरंभीचे वाक्य तेवढे हाती लागले. मला कळलं व्हतं, आई. त्यापुढचे अजून सापडत नव्हते; पण औंध दूर होते, आणि रविवारला अजून दोन दिवस होते.